आडनावांच्या आडवाटा

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या एस. टी. मोटारीत जागा मिळून आपण जरा सावरून बसलो, की शेजारचे गृहस्थ पानाची चंची सोडता सोडता विचारतात, “कोन्या गावचे होय जी तुमी?” आपण गाव सांगतो. लगेच दुसरा प्रश्न येतो, “आडनाव काय म्हनलं?” तेही आपण सांगतो. मग गृहस्थ मान डोलावतात, “अस्सं! म्हनजे तुमी...” आणि पुढचे वाक्य ते बहुधा मनातल्या मनात पुरे करतात. पानाला चुना लागतो, मोटार सुटते, पण त्या अर्धवट वाक्यात आपली जात ठरून गेलेली असते.

वाचकहो, हे मनातल्या मनात पुरे होणारे वाक्य खरे असते का, म्हणजे आडनाव खरोखर एवढे सांगू शकते का, हे मला आज आपल्याबरोबर पाहायचे आहे. त्यासाठी थोडे आपल्या वर्धा जिल्ह्यात फिरू आणि मधून मधून पार जर्मनीपर्यंत जाऊन येऊ. जर्मनी कशाला, असे आपण म्हणाल. त्याला कारण आहे. त्या देशाच्या आडनावांचा अभ्यास फार कसोशीने झालेला आहे, आणि आपल्या आडनावांशी ती ताडून पाहिली की आपलीच आपल्याला नीट दिसू लागतात. शेजारच्या घरी गेल्याशिवाय आपल्या घराची ठेवण कळत नाही, तसेच हे.

आधी शब्दच पहा. आडवाट, आडगाव, आडवळण, तसे आडनाव. हमरस्ता म्हणजे माणसाचे खरे नाव, बारशाला ठेवलेले; त्याच्या बाजूला पडलेली पाऊलवाट म्हणजे आडनाव. एका गावात पाच विठोबा असले तर ‘कोणता विठोबा?’ हा प्रश्न येणारच, आणि त्याच्या उत्तराला जे काही जोडून सांगितले जाते ते आडनाव होय. तो काळा विठोबा, पलीकडल्या गावाहून आलेला विठोबा, पाटलाचा विठोबा. जर्मनीत बाराव्या शतकाच्या सुमारास शहरे वाढली, एका शहरात शेकडो योहान आणि हाइनरिश गोळा झाले, तेव्हा तेथेही हाच प्रश्न पडला आणि त्याची उत्तरेही अशीच निघाली. धंदा, गाव, हुद्दा, शरीराची ठेवण. माणसे सगळीकडे सारखीच विचार करतात म्हणायचे.

मात्र पाऊलवाट आणि सरकारी सडक यांत फरक असतो. जोवर आडनाव लोकांच्या तोंडी होते तोवर ते बदलत असे. बाप एका नावाने ओळखला जाई, मुलगा गाव सोडून गेला की दुसऱ्या. ते कायमचे गोठले ते सरकारी कागदावर. आपल्या जिल्ह्याचीच गोष्ट घ्या. नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा होऊन इंग्रजी अंमल आल्यावर १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला. त्याचे ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते; १८६६ साली ते पालकवाडीला आणले आणि त्या नव्या गावाला नदीचे नाव दिले. त्याच सुमारास जमिनीचा बंदोबस्त झाला, मालगुजार ठरले, शाळांचे हजेरीपट आले, कचेऱ्या आणि कोर्टे आली, १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. प्रत्येक ठिकाणी कोणी तरी कारकून टाक घेऊन बसलेला, आणि समोरच्या कुणब्याला तो विचारतो आहे : नाव? बापाचे नाव? आडनाव? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर तयार असेलच असे नाही. पण रकाना रिकामा ठेवणे कारकुनाच्या धर्मात बसत नाही. गावात ज्या नावाने हाक मारीत ते त्याने लिहिले, आणि जे लिहिले ते नातवंडा-पणतवंडांना चिकटले. मौज अशी की जर्मनीतही सबंध साम्राज्यासाठी सरकारी जन्म-मृत्यू-विवाहाची नोंद १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली आणि तेथल्या आडनावांची उरलीसुरली लवचिकता तेव्हा संपली. म्हणजे वर्धा शहर वसले त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी.

यातून एक लहानशी गोष्ट आपोआप कळते. ‘वर्धेकर’ हा शब्द आपण वर्ध्याच्या रहिवाशाला सहज लावतो. पण जुन्या आडनावांत त्याला जागा मिळणे कठीण, कारण आडनावे गोठत होती तेव्हा वर्धा नावाचे गावच नुकते जन्मले होते. उलट आर्वीकर, देवळीकर, सेलूकर, वायगावकर ही आडनावे आहेत. ती गावे जुनी.

आणि येथे एक नियम सांगतो. तो मला फार महत्त्वाचा वाटतो. गावावरून पडलेले आडनाव माणूस कोठे राहतो हे सांगत नाही; तो कोठून निघाला हे सांगते. देवळीत कोणी कोणाला देवळीकर म्हणत नाही, तेथे सगळेच देवळीचे. देवळी सोडून तो हिंगणघाटला आला म्हणजे देवळीकर होतो. रामटेके हे आडनाव रामटेकाच्या पायथ्याशी पडलेले नसून रामटेक दिसेनासे झाल्यावर पडलेले आहे. याचा सगळ्यात चांगला दाखला वऱ्हाडे आणि वऱ्हाडपांडे या आडनावांत आहे. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदी ही सरहद्द झाली. अलीकडे भोसल्यांचे नागपूर राज्य, पलीकडे निजामाचा वऱ्हाड. नदीपलीकडे सगळाच मुलूख वऱ्हाडी, तेव्हा तेथे ‘वऱ्हाडे’ म्हणून कोणाला ओळखणार? ते नाव नदी ओलांडल्यावरच अर्थाचे होते. तसेच झाडे. वैनगंगेकडचा रानाचा मुलूख म्हणजे झाडी. तेथून इकडे आलेला तो झाडे. जर्मनीत बायर म्हणजे बव्हेरियाचा, श्वाब म्हणजे स्वाबियाचा, ब्योम म्हणजे बोहेमियातला. बव्हेरियात राहून कोणी बायर होत नाही. तेव्हा ज्याच्या आडनावात गाव आहे त्याच्या घराण्यात कधी तरी एक बैलगाडी भरून निघालेली आहे. दुष्काळामुळे म्हणा, लढाईमुळे म्हणा, भाऊबंदकीमुळे म्हणा. कारण विसरले गेले, गाव तेवढे राहिले.

वानखेडे हे विदर्भातले केवढे परिचित आडनाव! बुलढाणा जिल्ह्यात वानखेड नावाचे गाव आहे. येथे ‘कर’ लागला नाही, नुसता ‘ए’ लागला. पुण्या-कोकणाकडचे पाहुणे विचारतात की तुमच्याकडे कर का नाहीत? आहेत तर, पण आम्ही एका मात्रेत काम भागवतो. नागपूर–नागपुरे, रामटेक–रामटेके. मात्र सावध राहिले पाहिजे. बोरगाव, पिंपळगाव, कापशी अशा नावांची गावे एकेका तालुक्यात दोनदोन सापडतात. तेव्हा दोन बोरकर भेटले म्हणजे ते एका रक्ताचे असे समजणे म्हणजे दोन बोरांच्या झाडांना सख्खे भाऊ समजण्यासारखे आहे.

या ‘ए’ची गंमत अजून संपली नाही. मराठीत तो एकेरी ‘काळा’ असतो, मान दिला की ‘काळे’ होतो. काळे, गोरे, ढोबळे, हे सारे आदरार्थी अनेकवचन आहे. त्या बाजूला जर्मनांचे श्वार्त्झ म्हणजे काळा, वाइस म्हणजे गोरा, क्लाइन म्हणजे लहानखुरा, लांगे म्हणजे उंच, क्राउझे म्हणजे कुरळ्या केसांचा. पण त्यांनी माणसाला नुसते काळा म्हणून सोडून दिले; आपण काळेपणालाही अहो-जाहो केले. एवढेच काय, कोल्ह्याचे कोल्हे, लांडग्याचे लांडगे, आणि गाढवाचे सुद्धा गाढवे करून त्याला सन्मानाने पंक्तीला बसविले. ही मराठीची सभ्यता मला फार आवडते.

आणि हाच आदर दुसऱ्या भाषेतूनही आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला येऊन भिडला आहे. हिंगणघाटाहून वणी, चांद्याकडे चला. दुकानांच्या पाट्यांवर ‘वार’ दिसू लागतात. मुनगंटीवार, वडेट्टीवार, कोत्तपल्लीवार. हा ‘वार’ म्हणजे तलवारीचा वार नव्हे आणि आठवड्याचाही नव्हे. तो तेलुगू ‘वारु’, म्हणजे ‘ते लोक’, ‘ती मंडळी’, आणि मानाने एका माणसाला ‘ते’. कोत्त म्हणजे नवे, पल्ली म्हणजे गाव; कोत्तपल्लीवार म्हणजे नव्या गावची मंडळी. आपल्याकडे कोणाला नवगावकर म्हणावे तसे. ही घराणी कित्येक पिढ्या मराठी बोलत आली, मुलांना मराठी शाळेत घालत आली. तेलुगू घरातून गेली तरी आडनावाच्या शेवटच्या दोन अक्षरांत ती जपून राहिली आहे.

आता धंद्याची आडनावे. जर्मनीतले सर्वांत अधिक आढळणारे आडनाव म्युलर. म्युलर म्हणजे धान्य दळणारा, चक्कीवाला. त्यामागे श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे मासेमार, वेबर म्हणजे विणकर, वाग्नर म्हणजे गाड्या घडवणारा, बेकर म्हणजे भट्टीवाला. एका म्युलरला तर आपण चांगले ओळखतो. ऋग्वेद छापून काढणारे पंडित माक्स म्युलर. १८२३ साली जर्मनीतल्या देसाऊ गावी जन्मले, ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले, हिंदुस्थानात पाऊल कधी ठेवले नाही. पण त्यांच्या नावाचे संस्कृत रूप झाले ते ‘भट्ट मोक्षमूलर’! पूर्वजांनी पीठ दळले आणि वंशजाला मोक्षाचे मूळ लाभले. नावाचा अर्थ ध्वनीवरून लावायला गेले म्हणजे असे होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. जर्मनांचे पहिल्या नंबरचे आडनाव आपल्याकडे का नाही? लोहार, सुतार, कुंभार, सोनार, तेली यांच्यावरून आडनावे आहेत, दळणाऱ्यावरून नाही. दळवी आहेत, पण ते दळणाचे नव्हेत, दळाचे, म्हणजे सैन्याचे. याचे उत्तर आपल्या घरातल्या जात्यापाशी आहे. जर्मनीत ओढ्याच्या काठी पाणचक्की असे, तिच्यावर जमीनदाराचा हक्क असे, साऱ्या गावाने दळण तेथेच न्यायचे. तेव्हा चक्कीवाला हा गावातला ठळक पुरुष. आपल्याकडे पहाटे उठून दळत होत्या बाया, आपापल्या घरी. ते काम सगळ्यांत जास्त, सगळ्यांत जड, आणि रोजचे. पण तो ‘धंदा’ नव्हता, म्हणून त्याचे आडनाव झाले नाही. शतकानुशतके हे गाव ज्यांच्या दळणावर जेवले त्यांची एकही खूण आडनावांच्या यादीत नाही. यादी कोणी लिहिली हे त्यावरून कळतेच.

धंद्याची आडनावेही धंदा सांगतातच असे नाही. कुंभारे आडनावाचा गृहस्थ भेटला तर चाक कोठे आहे म्हणून विचारू नका. आमच्या वर्ध्याचे जमनालाल बजाज यांचे आडनाव अरबीतल्या ‘बज्जाज’ या शब्दाचे. त्याचा अर्थ कापड विकणारा. जमनालालजी सीकरकडे जन्मलेले, वर्ध्याच्या बच्छराजांच्या घरात दत्तक आले. मारवाडातून आलेल्या मंडळींत गावावरून पडलेली नावेही पुष्कळ. झुनझुनूचे ते झुनझुनवाला. ‘वाला’ म्हणजे त्यांचा ‘कर’च की!

हुद्द्यांच्या आडनावांकडे आलो म्हणजे जर्मनी आणि वर्धा फारच जवळ येतात. जर्मनीतले शुल्त्झ हे अत्यंत परिचित आडनाव ज्या जुन्या शब्दावरून आले तो गावचा मुख्य. लोकांकडून देणे वसूल करणारा, तंटे ऐकणारा. म्हणजे आपला पाटील! मायर म्हणजे जमीनदाराच्या शेतीवाडीचा कारभारी. आपल्याकडे गावाला पाटील, परगण्याला देशमुख. हिशेबाला गावात कुळकर्णी किंवा पांडे, परगण्यात देशपांडे. पेठेला चौधरी, महाजन. पाटलाच्या हाताखाली चौगुला. खजिन्यात नाणी पारखायला पोतदार. राजदरबारात फारसी चाले, म्हणून ‘फर्दनवीस’चा फडणवीस झाला. चिठ्ठ्या लिहिणारा पुण्याकडे घासून घासून चिटणीस झाला, आणि नागपुरात मात्र चिटणवीस राहिला. आम्ही शब्द फार झिजू देत नाही. राऊत हा तर थेट ‘राजपुत्र’ या शब्दाचा वंशज. प्राकृतातून येता येता तो घोडेस्वार झाला.

हुद्दे गेले. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, महसुली पाटलांचे वतनी पद १९६२ च्या कायद्याने गेले. आडनावे मात्र हलली नाहीत. आणि येथेच मोटारीतल्या त्या गृहस्थांचा हिशेब चुकतो. पाटील कोणत्या जातीचे? कुणब्यांत पाटील आहेत, मराठ्यांत आहेत, माळी-तेल्यांत आहेत, मुसलमानांत आहेत, बौद्धांत आहेत. देशमुख ब्राह्मणांत आहेत, कुणब्यांत आहेत, मुसलमानांतही आहेत. चौधरी, राऊत, भोयर यांचेही तसेच. भोयर हे कारंजा-आर्वीकडे एका समाजाचेच नाव, आणि इतर समाजांत नुसते आडनाव. हुद्दा ज्याच्या हाती गेला त्याच्या घराला ते नाव चिकटले. आडनावाने एके काळचे काम सांगितले. रक्त सांगण्याचे काम त्याच्यावर आपण मागून लादले.

टोपणनावांचा भाग तर जत्रेसारखा आहे. वाघमारे, घोडमारे, डोईफोडे, पोटदुखे, सातपुते. आणि आपल्या भागात स्वयंपाकघर केवढे! दुधे, भाकरे, आंबटकर, तेलरांधे, ताकसांडे. ताकसांडे आडनावाच्या घरी गेले म्हणजे कोणी तरी म्हातारा हमखास गोष्ट सांगतो, की आमच्या पणज्याच्या हातून एकदा पाटलाच्या पंक्तीत ताक सांडले. गोष्ट गोड असते, ऐकून घ्यावी. पण अशा गोष्टी पुष्कळदा आडनावानंतर जन्मतात. आधी नाव असते, त्याचा अर्थ विसरतो, मग घरचे लोक ध्वनीवरून नवा अर्थ बसवतात आणि त्याला साजेसा पणजा तयार करतात. मोक्षमूलराची आठवण ठेवा म्हणून मघाशी सांगितले ते यासाठी.

याचा सगळ्यात बोलका दाखला गोंडांच्या आडनावांत मिळतो. मडावी, उईके, धुर्वे, टेकाम, आत्राम, कुमरे, मरसकोल्हे. वर्ध्याच्या उत्तरेला कारंजा-आर्वीच्या डोंगरी पट्ट्यात आणि दक्षिणेलाही ही घरे आहेत; आपल्या बहुतेक गावांपेक्षा ती जुनी असतील. आता मरसकोल्हे या नावात मराठी कानाला कोल्हा ऐकू आला. पण सातपुड्यापलीकडे हेच लोक स्वतःला मरसकोले किंवा मरसकोला म्हणवतात. तेथे कोल्ह्याचा मागमूस नाही. तो कोल्हा मराठी कारकुनाच्या टाकातून उडी मारून आत शिरला. तसेच आपल्याकडचे मडावी ते पलीकडचे मरावी. अक्षर एकच, कान दोन.

गोंडांची ही आडनावे मुळात टोपणनावे नव्हेत की हुद्देही नव्हेत. ती कुळांची नावे आहेत. टेकाम साग झाडाचे, मरकाम आंब्याचे, इरपाची मोहाचे. कुळे देवांच्या संख्येवरून वाटलेली : चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. ज्यांच्या देवांची संख्या एक, ती सारी भावंडे. त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे टेकाम पाहुणा आला तर आडनाव ऐकताच घरच्या म्हातारीला कळते की हा भाऊ की व्याही. येथे ‘आडनाव काय?’ हा प्रश्न तुम्ही वरचे की खालचे यासाठी नसतो. तुम्ही माझे कोण, यासाठी असतो. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड छापले, त्यांत ही कुळे विस्ताराने नोंदवली आहेत. मात्र खंड वाचण्यापेक्षा एखाद्या गोंड आजीपाशी बसणे बरे. तिला हे सगळे तोंडपाठ असते.

तेव्हा ‘आडनाव काय?’ हा प्रश्न एकच, पण तो दोन तऱ्हेने विचारता येतो. वर्धा शहरात हा भेद एके काळी फार ठळकपणे दिसला. येथल्या लक्ष्मीनारायणाच्या मंदिराचे दार १९२८ साली जमनालालजींनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडले. त्याआधी त्या दाराशी कोणाचे नाव कशासाठी विचारले जात असेल हे सांगायला नको. पुढे १९३६ साली गांधीजी शेजारच्या सेगावात राहायला आले. त्या गावाचे नावही टपालात शेगावच्या नावाशी घोटाळू लागले, म्हणून १९४० साली त्याचे सेवाग्राम झाले. या आश्रमाच्या आवतीभवती आडनावांचे एक संमेलनच भरले होते. गांधी म्हणजे गुजरातीत किराणा विकणारा. मश्रूवाला म्हणजे मश्रू नावाच्या रेशमी-सुती कापडाचा व्यापारी. कालेलकर म्हणजे सावंतवाडीजवळच्या कालेलीचे. मीराबेनचे मूळ आडनाव स्लेड, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ दरी. १९३७ साली गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले जिवलग हेर्मान कालेनबाख भेटीला आले आणि सेगावात राहिले. ज्या टॉलस्टॉय फार्मवर १९१० साली सत्याग्रही राहायला गेले ती जमीन याच गृहस्थांची. जर्मन भाषेत ‘बाख’ म्हणजे ओढा, नाला. अशी नावे गावांची असतात आणि गाव सोडलेल्यांची होतात. म्हणजे हेही एक प्रकारचे ‘कर’च.

या मंडळींत कित्येकांनी आडनाव टाकले. विनोबा १९२१ साली वर्ध्याला आले. त्यांचे आडनाव भावे हे आज पुष्कळांना जरा थांबून आठवावे लागते. मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणारे कुमारप्पा मूळचे तंजावरचे जोसेफ कॉर्नेलियस. त्यांनी ते घराण्याचे नाव सोडून आजोबांचे नाव घेतले. श्रीमन्नारायणांनी आपल्यामागचे अग्रवाल काढून टाकले. यात मोठेपणा आहेच. पण एक गोष्ट बोलून दाखवली पाहिजे. ज्याचे आडनाव सांगितल्यावर ओसरीवर सतरंजी टाकली जाते, त्याने ते टाकले तर तो त्याग होतो. ज्याचे आडनाव सांगितल्यावर भाड्याची खोली ‘आताच दिली बाप्पा’ असे ऐकावे लागते, त्याने ते लपवले तर लोक त्याला लपवाछपवी म्हणतात. मेश्राम, रामटेके, ताकसांडे, वासनिक यांनी १९५६ साली नागपूरला धम्म स्वीकारला, पण आडनावे बहुतेकांनी तीच ठेवली. मला वाटते त्यात फार मोठा स्वाभिमान आहे. स्वतः डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचे जुने आडनाव सकपाळ, आणि आज साऱ्या जगाला माहीत असलेले नाव कोकणातल्या आंबडवे या खेड्यावरून आलेले.

आडनावावरून माणसे निवडायचे काम पुरे हट्टाने केले म्हणजे ते कोठपर्यंत जाते हे जर्मनीनेच जगाला दाखवले. ऑस्ट्रियाच्या सम्राट योसेफाने १७८७ साली आणि प्रशियाने १८१२ साली यहुदी कुटुंबांना कायमची आडनावे घ्यायला लावली. त्यांनी शेजाऱ्यांसारखीच नावे घेतली. डोंगराची, गावांची, रंगांची, धंद्यांची. दीडशे वर्षांत ती जर्मन नावांत इतकी मिसळून गेली, की हिटलरच्या सरकारला आडनावावरून यहुदी कोण हे नक्की ओळखता येईना. मग ऑगस्ट १९३८ मध्ये हुकूम निघाला : १ जानेवारी १९३९ पासून ठराविक यादीतले नाव नसलेल्या प्रत्येक यहुदी पुरुषाने आपल्या नावापुढे ‘इस्राएल’ आणि प्रत्येक स्त्रीने ‘सारा’ हे नाव जोडावे. आडनाव चुगली करीत नाही म्हणून सरकारने दुसरे नाव लावून चुगली करवली. पुढे काय झाले ते आपण जाणताच.

तर पुन्हा आपल्या मोटारीत या. ते गृहस्थ वाईट नसतात, हे मी आवर्जून सांगतो. त्यांचा पहिला प्रश्न, ‘कोन्या गावचे?’, हा फार जुना आणि खरा प्रश्न आहे. आडनावालाही त्याच प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी देता येते. कोठून निघालो, पूर्वी काय करीत होतो, गाव आम्हाला हसून काय म्हणत होते. तिसऱ्या, न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र ते धड देत नाही, आणि दिले तर अर्ध्या वेळा चुकीचे देते.

जाता जाता एक गोष्ट राहिली. आपल्या खेड्यांत सून आली की तिला सासरचे आडनाव लागते, हे झाले कागदावर. पण आळीत तिला हाक कशी मारतात? “अवं सेलूवाली, पान्याले येतं का?” दुसरी पुलगाववाली, तिसरी हिंगणघाटवाली. जे गाव तिने सोडले त्याच गावाने ती ओळखली जाते; देवळीकराला जो नियम तोच तिला. फरक एवढाच, की देवळीकराचे नाव त्याच्या मुलाला मिळाले आणि शाळेच्या दाखल्यावर चढले. सेलूवालीचे नाव तिच्या जावाजावांना आणि विहिरीवरच्या बायांना ठाऊक असते, आणि त्यांच्याबरोबरच ते संपते. आपल्या आजीला आळीत काय म्हणत, हे वाचकहो, आज घरात कोणाला आठवत असेल तर विचारून ठेवा. ते कोठल्याही खसऱ्यात सापडायचे नाही.